नेतृत्व शिकून झाल्यावर स्वतःची व्याख्या कशी लिहावी

शालेय व्यवस्थापनाच्या पदविका अभ्यासक्रमात नेतृत्वाच्या घटकाअखेरीस बहुधा एक प्रश्न ठरलेला असतो: या अभ्यासानंतर नेतृत्वाची आपली स्वतःची व्याख्या लिहा आणि ती कशी तयार झाली ते स्पष्ट करा. गेली काही वर्षे मी एका अभ्यासकेंद्रावर या प्रश्नाची उत्तरे तपासते. लिहिणारे बहुतेक जण माध्यमिक शाळांतले शिक्षक, पर्यवेक्षक किंवा नव्याने मुख्याध्यापक झालेले असतात. रोज दहा निर्णय घेणारी आणि त्यांतले दोन निस्तरत बसणारी अनुभवी माणसे. तरीही वही उघडली की पहिल्या ओळीत ‘समान ध्येय साध्य करण्यासाठी इतरांवर प्रभाव टाकण्याची प्रक्रिया म्हणजे नेतृत्व’ हे वाक्य भेटते. शब्द थोडे मागेपुढे होतात, इतकेच. वाक्यात चूक काहीच नाही. ते कोणाचेही असू शकते, ही त्याची अडचण आहे.

स्वतःची व्याख्या लिहायची म्हणजे नवा सिद्धान्त मांडायचा, असे समजून अनेक जण घाबरतात आणि पुस्तकाकडे वळतात. प्रत्यक्षात मागणी त्याहून लहान आणि त्याहून अवघड आहे. आपण ज्या कसोटीवर स्वतःचे निर्णय बरोबर किंवा चूक ठरवणार आहोत, ती कसोटी एका वाक्यात उतरवायची असते. ती पाठ्यपुस्तकात सापडत नाही. आपल्या वह्यांत, नोंदींत आणि अंगावर आलेल्या प्रसंगांत सापडते. ते प्रसंग नीट वाचता यावेत एवढी नजर देणे हे पुस्तकाचे काम. पुढची उदाहरणे शाळेतली आहेत, कारण माझी नोकरी तिथे झाली. पण पतसंस्था, रुग्णालयातला वॉर्ड, गृहनिर्माण संस्थेची समिती किंवा बचत गट सांभाळणाऱ्यालाही हीच रीत वापरता येईल. दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवाव्यात आणि जुने कागद हाताशी घ्यावेत.

आधीची व्याख्या हुडकावी

अभ्यासाने आपण बदललो असे लिहायचे असेल तर आधी कुठे होतो ते ठाऊक हवे, आणि इथे आठवणीवर विसंबून चालत नाही. लोकशाही नेतृत्वावरचा पाठ वाचून झाला की आपण पहिल्यापासूनच सर्वांना विचारून निर्णय घेत आलो आहोत, असे प्रत्येकाला अगदी प्रामाणिकपणे वाटू लागते. म्हणून कागद शोधावेत. पदासाठी केलेला अर्ज, गोपनीय अहवालातला स्वयंमूल्यमापनाचा भाग, सहकाऱ्याच्या निरोप समारंभासाठी लिहून काढलेले भाषण, समितीचे इतिवृत्त, हल्लीच्या काळात व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेल्या सूचना, यांतले काहीही चालेल.

मी पर्यवेक्षिका झाले त्या वर्षीची सूचनावही काढली. शिपाई ही वही वर्गावर्गातून फिरवतो आणि प्रत्येक शिक्षक वाचल्याची सही करतो, हे शाळेत काम केलेल्यांना सांगायला नको. पहिल्या महिन्यात मी १४ सूचना काढल्या होत्या आणि त्यांतल्या ११ सूचनांचा शेवट ‘याची गांभीर्याने नोंद घ्यावी’ असा होता. एकाही सूचनेत प्रश्नचिन्ह नव्हते. त्या काळी कोणी विचारले असते तर मी नेतृत्वाबद्दल काहीतरी उदात्त बोलले असते. वहीने मात्र माझी खरी व्याख्या सांगून टाकली. सांगितलेले पाळले जाते की नाही यावर लक्ष ठेवणे म्हणजे नेतृत्व, अशी ती होती. आपल्याला अशी जी ओळ सापडेल ती, आवडो वा न आवडो, कागदाच्या माथ्यावर त्या काळच्या तारखेसह उतरवावी. तिला सजवू नये आणि तिच्याबद्दल माफीही मागू नये.

अभ्यासलेल्यातले काय आपले, ते निवडावे

विद्यार्थी इथे सर्वाधिक पाने खर्च करतात आणि सर्वात कमी मिळवतात, कारण ते सिद्धान्तांचा सारांश लिहितात. सारांश परीक्षकाला ठाऊक असतो. त्याऐवजी प्रत्येक सिद्धान्तापुढे आपल्या नोकरीतला एक असा दिवस लिहावा जो त्या सिद्धान्ताने उलगडतो, आणि एक असा दिवस लिहावा जो त्यात बसत नाही. ज्याच्यापुढे एकही दिवस लिहिता येत नाही तो सिद्धान्त कितीही थोर असला तरी या कामापुरता बाजूला ठेवावा.

या अभ्यासातली माणसे आपापसांत सहमत नाहीत, हे आधीच ध्यानात घेतले तर मनावरचे दडपण उतरते. अमेरिकी संशोधक राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ मध्ये तोवरच्या १२४ अभ्यासांचा आढावा घेतला आणि केवळ अंगच्या गुणांवरून पुढारी ठरत नाही, ते गुण परिस्थितीशी किती जुळतात हे पाहावे लागते, अशा निष्कर्षाला ते आले. त्यांनीच पुढे १९७४ मध्ये असे नोंदवले की नेतृत्वाची व्याख्या करू पाहणारी जितकी माणसे, जवळजवळ तितक्याच व्याख्या आहेत. तेव्हा आपली एक वाढली तर कोणाचे काही बिघडत नाही.

माझ्या बाबतीत सर्वात जास्त काम केले ते एका जुन्या प्रयोगाने. कर्ट लेविन यांच्या मार्गदर्शनाखाली रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी आयोवा विद्यापीठात लहान मुलांच्या छोट्या मंडळांवर केलेले प्रयोग १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले मुखवटे बनवण्यासारखी कामे करत आणि प्रौढ पुढारी कधी हुकूम सोडणारा, कधी चर्चा करणारा, तर कधी मुलांना त्यांच्यावरच सोडून देणारा असे. परीक्षेत सगळे जण या तीन प्रकारांची नावे लिहितात आणि पुढे जातात. मी मात्र एका तपशिलापाशी अडले. पुढारी खोलीबाहेर गेल्यावर काय होते, हेही प्रयोगकर्त्यांनी पाहिले होते. हुकमी पुढाऱ्याच्या मंडळात तो हजर असताना काम भरपूर होत असे, पण त्याची पाठ वळताच ते झपाट्याने घसरे. चर्चा करणाऱ्याच्या मंडळात तो असो वा नसो, फारसा फरक पडत नसे. हे वाचल्यावर मी आमच्या शिपायांना सहज विचारल्यासारखे विचारले की मी रजेवर असते त्या दिवशी शाळा कशी चालते. ते आधी हसले. मग म्हणाले, “बाई, तुम्ही नसलात की दुसऱ्या तासाला चहा दोनदा सांगावा लागतो.” हा माझा पहिला दिवस, सिद्धान्ताने उलगडलेला. न बसणारा दिवसही होता. एका पावसाळ्यात दुपारी ओढ्याला पाणी चढू लागले, पलीकडच्या वाडीची मुले आधी घरी पोहोचायला हवी होती, आणि त्या वेळी मी कोणाचेही मत न विचारता चार हुकूम सोडले. ते योग्यच होते, आजही मला तसेच वाटते.

बाकीच्यांकडे मी भरभर पाहिले. नव्या शिक्षणसेवकाला आणि २५ वर्षे शिकवलेल्या बाईंना एकाच रीतीने काम सांगू नये, हे हर्सी आणि ब्लँचर्ड यांच्या १९६९ मधल्या मांडणीचे सार शिक्षकाला वर्गात आपोआप कळलेले असते. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये देवघेवीचे नेतृत्व आणि माणसांचा नैतिक स्तर उंचावणारे नेतृत्व यांत जो फरक केला तो उपयोगाचा आहे, पण बदली आणि वेतनवाढ या दोन्ही गोष्टी हातात नसलेल्या पर्यवेक्षकाकडे द्यायला फारसे काही नसतेच. रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये सेवक-नेत्याची कल्पना मांडताना एक कसोटी घातली, ती टिपून ठेवावी: ज्यांची सेवा केली ती माणसे अधिक शहाणी, अधिक मोकळी, अधिक स्वावलंबी झाली का? आणि जेम्स माइंडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलेली गोष्ट तर प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावी. संस्थेच्या यशापयशाचे श्रेय माणसे नेत्याला गरजेपेक्षा जास्त देतात, असे त्यांचे म्हणणे. दहावीचा निकाल १०० टक्के लागला की मुख्याध्यापकांना शाल आणि श्रीफळ मिळते. ती तुकडीच हुशार होती हे शिक्षकदालनात सर्वांना ठाऊक असते.

शब्दांकडे एकदा मराठीत पाहावे

‘नेतृत्व’ हा पुस्तकी शब्द आहे. घरात, शेतात, बाजारात आपण वेगळे शब्द वापरतो आणि त्या शब्दांत आपल्या समाजाने करून ठेवलेल्या व्याख्या असतात. पुढारी म्हणजे पुढे असणारा. म्होरक्या म्हणजे म्होरं चालणारा, पण हा शब्द आपण बहुधा दंगेखोरांच्या नाहीतर चोरांच्या टोळीसाठी राखून ठेवला आहे. ऊसतोडीच्या टोळीवरचा मुकादम हा अरबीतून आलेला शब्द. त्याचाही मूळ अर्थ पुढे ठेवलेला असाच. तीन शब्द, तिन्हींत जागा महत्त्वाची आणि ती जागा सर्वांच्या पुढची. ‘उगाच पुढारपण करू नकोस’ असे आई मुलाला सांगते तेव्हा त्या जागेविषयीचा मराठी माणसाचा संशयही त्यात असतो.

याउलट धुरीण हा शब्द पाहावा. धुरा म्हणजे जू. धुरीण तो, जो जुवाखाली मान देतो, ओझे ओढतो. ‘संस्थेची धुरा सांभाळली’ असे आपण सत्काराच्या भाषणात सवयीने म्हणतो आणि त्या वाक्यात एक बैल उभा आहे हे विसरतो. कारभारी हा आणखी वेगळा. त्याने पुढे असण्याची गरज नाही, काम मार्गी लागले म्हणजे झाले. आपल्या मनातली व्याख्या यांपैकी कोणत्या शब्दाच्या जवळ जाते, हे एका ओळीत लिहून ठेवावे. मी ‘पुढारी’पासून निघून ‘धुरीण’कडे आले. ते कसे, हे पुढच्या भागात येते.

तीन प्रसंग लिहावेत, विशेषणे न वापरता

एक प्रसंग साधलेला, एक फसलेला आणि एक असा, ज्यात आपण कोणाच्या तरी हाताखाली होतो. तिसरा बहुतेक जण गाळतात. प्रत्येक प्रसंगाला एक पान द्यावे आणि त्यात वेळ, जागा, वस्तू, उच्चारलेली वाक्ये एवढेच लिहावे; ‘कौशल्याने’, ‘विश्वासात घेऊन’, ‘खंबीरपणे’ असे शब्द आले की खोडावेत. शेवटी तीन गोष्टी वेगळ्या लिहाव्यात: मी काय केले, तेव्हा मला काय वाटत होते, आणि त्याची झळ कोणाला बसली.

साधलेल्या प्रसंगाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तिथे सगळे स्नेहसंमेलन नाहीतर शताब्दी महोत्सव लिहितात. तो लिहून पाकिटात ठेवावा.

फसलेला प्रसंग मात्र सावकाश लिहावा. माझा असा. शिक्षक रजेवर असला की त्याचे तास इतरांना वाटून द्यावे लागतात. पर्यवेक्षक शाळा भरताना बदली तासांच्या वहीत नावे लिहितो आणि शिपाई ती वही शिक्षकदालनात सह्यांसाठी नेतो. शिक्षकाचा मोकळा तास म्हणजे वह्या तपासण्याचा, जरा पाठ टेकण्याचा तास. तो गेला की कोणाचेही तोंड वाकडे होते. हे वाटप मी न्यायाने करते, अशी माझी खात्री होती. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी चित्रकलेचे सर ती वही घेऊन माझ्या टेबलाशी आले, “बाई, जरा बघता का?” म्हणाले आणि उभेच राहिले. वहीच्या समासात त्यांनी पेन्सिलीने, पाच-पाचचे गट करून, बारीक रेघा ओढल्या होत्या. पहिल्या सत्रात त्यांच्या वाट्याला ३१ बदली तास आले होते. शिक्षकदालनात ज्यांचा आवाज सर्वात मोठा, त्या सहकाऱ्याच्या वाट्याला ४. सरांचे मोकळे तास मुळातच जास्त, असे समर्थन माझ्या ओठांवर आले होते. नंतर मोजून पाहिले तेव्हा मोकळ्या तासांच्या प्रमाणातही ते आकडे टिकले नाहीत. मी जाणूनबुजून अन्याय केला नव्हता. सकाळच्या घाईत जो वाद घालणार नाही त्याचे नाव हाताला आधी सुचत होते, एवढेच. सर पेन्सिल का वापरत होते, हे मला त्या रात्री लक्षात आले: मी रागावले तर रेघा पुसता याव्यात म्हणून.

आता तीन गोष्टी. मी काय केले: रोज सकाळी नावे लिहिली. मला काय वाटत होते: काम वेळेत झाले, कोणाची तक्रार नाही, म्हणजे सगळे ठीक आहे. झळ कोणाला बसली: जो बोलत नाही त्याला. हे तिसरे उत्तर लिहिताना मला सूचनावहीतली ती ११ वाक्ये आठवली आणि शिक्षकदालनातली शांतता मी आजवर कशाची खूण समजत होते, ते कळले.

तिसरा प्रसंग, हाताखाली असतानाचा. मी नोकरीला नवी होते आणि एका मुलीला सर्वांसमोर नको ते बोलून गेले होते. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. आमच्या मुख्याध्यापकांनी त्यांना बसवले, चहा मागवला, तक्रार स्वतःच्या हाताने लिहून घेतली आणि “आमच्याकडून चूक झाली” असे म्हणाले. मी दाराबाहेर होते, मला ते ऐकू आले. शाळा सुटल्यावर त्यांनी मला एकटीला बोलावले आणि चूक पूर्णपणे तुमची आहे, हे दोन वाक्यांत, आवाज न चढवता सांगितले. ‘आमच्याकडून’ या शब्दाने त्यांनी माझे ओझे बाहेरच्या माणसासमोर स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि आत आल्यावर माझे मला परत दिले. त्या माणसाबद्दल मी अभ्यासक्रमातला कोणताही शब्द न वापरता तासभर बोलू शकते.

वाक्य घडवताना

प्रसंग समोर ठेवून आता वाक्याला हात घालावा. पंचवीस-तीस शब्दांत मावेल असे, रोजच्या बोलण्यातल्या मराठीत असे आणि ज्यात क्रियापद काम करते आहे असे वाक्य हवे. प्रेरणा, दूरदृष्टी, सर्वसमावेशकता, सक्षमीकरण यांपैकी एखादा शब्द आलाच तर त्याला विचारावे की उद्या सकाळी साडेदहाला याचे मी नेमके काय करायचे. उत्तर आले तर शब्दाच्या जागी ते उत्तर लिहावे. उत्तर आले नाही तर शब्द काढावा.

दुसऱ्यांच्या व्याख्यांतून आपली व्याख्या कशी घडवावी, याचा एक उत्तम नमुना आपल्याकडे आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त पुण्यात केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, थोर माणूस कोणाला म्हणावे, असा प्रश्न घेतला. थॉमस कार्लाइलने सांगितलेली सचोटी त्यांनी नाकारली नाही, पण ती पुरेशी मानली नाही. तिच्या जोडीला बुद्धी हवी असे म्हटले. तरीही या दोहोंनी केवळ नामवंत माणूस घडतो असे सांगून, समाजहिताच्या हेतूची प्रेरणा आणि समाजातली घाण साफ करण्याची तयारी ही आपली अट त्यांनी वर घातली. आणि मग ती कसोटी त्यांनी रानड्यांना लावून दाखवली. घेणे, अपुरे कुठे पडते ते सांगणे, स्वतःची अट घालणे आणि ती एका प्रत्यक्ष माणसावर चालवून बघणे, हा क्रम जसाच्या तसा उचलण्याजोगा आहे.

माझी पहिली दोन वाक्ये टाकून द्यावी लागली, ती इथे देते म्हणजे वाचकाला संकोच वाटणार नाही. ‘सर्वांना सोबत घेऊन जाणे’ हे पहिले. सोबत घेऊन कुठे आणि कोणाच्या जिवावर, याचा त्यात पत्ता नव्हता. ‘कामाचे न्याय्य वाटप करणे’ हे दुसरे; ते कोणताही दक्ष लिपिक करतो आणि आता संगणकही करतो. तिसरे वाक्य असे झाले: माझ्या निर्णयाचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर पडणार आहे ते निर्णयाआधी पाहणे, आणि तो जड झाला तर त्या माणसाला ते मला सांगता येईल अशी सोय ठेवणे. देखणे नाही, पण त्यात चित्रकलेच्या सरांची पेन्सिल आहे आणि मुख्याध्यापकांचे ‘आमच्याकडून’ही.

व्याख्या तावून पाहावी

पहिली तपासणी अशी की या व्याख्येने आपण गेल्या वर्षभरात किमान एकदा तरी नापास होतो का. होत नसू, तर आपण व्याख्या लिहिलेली नाही, स्वतःला प्रशस्तिपत्रक दिले आहे. दुसरी तपासणी गल्लीतल्या दादाची. इतरांवर प्रभाव टाकून ध्येय साध्य करणारा तोही असतोच. आपल्या वाक्यात तो आरामात बसत असेल तर त्याला आत ठेवायचे की बाहेर, हे ठरवावे लागेल. बर्न्स यांनी नुसती सत्ता गाजवणाऱ्यांना व्याख्येबाहेर काढले, पण काही अभ्यासकांना ती सोयीची पळवाट वाटते. दोन्हींपैकी काहीही निवडावे, कारण मात्र लिहावे.

तिसरी तपासणी पदाची. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांसाठी निम्म्या जागा २०११ पासून राखीव आहेत, आणि खुर्चीत सरपंच बाई अन् कारभार पाहणारे त्यांचे यजमान, हे चित्र अनेक गावांत ओळखीचे आहे. आपली व्याख्या अशा ठिकाणी नेता कोणाला म्हणते? पदाला, सहीला की निर्णयाला? उत्तर देताना अडखळायला झाले तर वाक्यात एखादा शब्द कमी पडतो आहे असे समजावे.

आणखी एक तपासणी मला सर्वात आवडते: आपल्या परिसरातल्या, पण आपल्या नोकरीबाहेरच्या एखाद्या प्रसंगाला व्याख्या लावून पाहणे. आळंदीहून निघालेल्या पालखीच्या मुक्कामी समाजआरती होते. दिंड्या जमलेल्या असतात, टाळांचा गजर चालू असतो, आणि चोपदार हातातला दंड उंचावतो तेव्हा तो सारा समाज शांत होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवणे थांबवत नाही. त्या आवाजावरून चोपदाराला कुठे जायचे ते कळते. तो जातो, गाऱ्हाणे ऐकतो. इथे शांतता हुकमाने आणलेली आहे, पण कोण शांत नाही हे ऐकू यावे म्हणून. माझ्या शिक्षकदालनात शांतता होती, आणि ती कोणालाही टाळ वाजवायची सोय नसल्यामुळे होती.

दुसरे उदाहरण राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या लष्करी अंमलदारांना पाठवलेल्या पत्राचे. भाजीच्या देठाचीही गरज पडू नये, रयतेकडून काही घेऊ नये, हा त्यातला भाग सर्वांना ठाऊक असतो. पण पत्र त्यापुढे फार बारकाईत उतरते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आधीच उधळले तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत उचलून आणतील. आणि रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. छावणीतल्या निष्काळजीपणाचा भार घोड्यावरून शिपायावर आणि शिपायावरून कुणब्यावर कसा उतरत जातो, याचा इतका स्पष्ट हिशोब मी कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात पाहिलेला नाही. ज्याने आपल्या व्याख्येत ‘दूरदृष्टी’ लिहिली आहे त्याने ती खोडून तिथे आपल्या संस्थेतला उंदीर आणि वात कोणती, ते लिहावे.

शेवटची तपासणी सर्वांत कठीण आहे. व्याख्या अशा माणसाला वाचून दाखवावी ज्याने आपल्या हाताखाली काम केले आहे आणि ज्याला आता आपल्याकडून काही नको आहे. त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे. “छान आहे” एवढेच उत्तर आले तर परत जाऊन वाक्य वाचावे.

लिहून ठेवताना

उत्तरपत्रिकेसाठी लिहायचे असेल तर क्रम वरचाच ठेवावा: आधीची ओळ, उपयोगी पडलेले दोन किंवा तीन विचार, एक सविस्तर प्रसंग, टाकलेली वाक्ये, ठेवलेले वाक्य आणि ते कुठे अपुरे पडते. ज्या विचारवंताशी आपण असहमत आहोत त्याचे नाव घेऊन असहमती नोंदवावी. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत, निदान मी तरी कापत नाही. स्वतःसाठी लिहायचे असेल तर वाक्यापुढे तारीख घालावी आणि पद बदलले, संस्था बदलली किंवा मोठी चूक झाली की वही उघडावी. जुने वाक्य खोडताना वाचता येईल असेच खोडावे.

बदली तासांच्या वहीत मी नंतर उजव्या बाजूला एक रकाना आखला, ज्यात प्रत्येकाची सत्रातली एकूण संख्या चालू राहते आणि सही करताना सर्वांना दिसते. मोठ्या आवाजाचे सहकारी पहिल्या आठवड्यात माझ्याशी भांडले, मग त्यांनी स्वतःच बेरीज तपासायला सुरुवात केली. सर पुढच्या वर्षापासून पेन्सिलीच्या रेघा ओढेनासे झाले. माझ्या वहीत त्या तिसऱ्या वाक्याखाली दोन वर्षांनंतरची एक तारीख आहे आणि तिच्यापुढे फक्त ‘आठवी ब?’ असे लिहिले आहे. जुनी वही चाळताना दिसले होते की त्या सत्रात सरांचे सर्वाधिक बदली तास याच वर्गावर पडले होते. म्हणजे त्या मुलांचे बीजगणिताचे कितीतरी तास चित्रकलेच्या सरांबरोबर गेले. नव्या रकान्यातही त्या वर्गासाठी जागा नव्हती. ती ओळ अजून पुरी झालेली नाही.